पहिल्याच रात्री गुण आला, तिथेच सावध व्हा

मनाच्या आजारावर म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीवर नाव नसतं. कागदाच्या तीस पुड्या, दहा-दहाचे तीन गठ्ठे, वर रबरबँड. नाहीतर पांढरी प्लास्टिकची डबी आणि तिच्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी : 'सकाळ-संध्याकाळ, मधातून'. आतली पावडर मातकट, चवीला कडवट. रात्री नऊला पहिली पुडी दिली जाते आणि महिनाभर रात्र रात्र येरझाऱ्या घालणारा मुलगा साडेनऊला आडवा होतो, तो थेट दुसऱ्या दिवशी आठला उठतो. आई देवापुढे दिवा लावते. वडील पुढच्या महिन्याचे पैसे त्याच दिवशी पाठवून देतात.

फसवणूक पक्की होते ती याच रात्री. 'शंभर टक्के जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा बिननावाच्या पुड्यांत गुंगीचं अ‍ॅलोपॅथीचं औषध कुटून मिसळलेलं असू शकतं, डायझेपाम किंवा अल्प्राझोलामच्या जातीतलं. ही औषधं अर्ध्या-एक तासात अंमल दाखवतात. नैराश्यावरचं खरं औषध असं वागत नाही. त्याचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. त्यातही पहिल्या आठवड्यात आधी मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी असंच काहीबाही होतं. म्हणजे खऱ्या उपचारात त्रास आधी दिसतो आणि आराम मागून येतो. पुडीत आराम आधी मिळतो. घाबरलेल्या घराला पुडीच खरी वाटते, आणि त्यात त्या घराचा दोष नाही.

पुढचा क्रम ठरलेला असतो. तीन-चार आठवड्यांत शरीराला त्या गुंगीची सवय होते. एका पुडीने भागत नाही, मग 'डोस वाढवू' म्हणून दोन दिल्या जातात. दिवसा मुलगा सुस्त, बोलणं जड, कामावर चुका. पैसे संपले किंवा शंका आली की घरचे पुड्या एकदम बंद करतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, दरदरून घाम येतो, झोप पूर्ण उडते, काहींना फिट येते. हे औषध सुटल्याचे परिणाम असतात. विकणारा मात्र सांगतो, 'बघा, माझं औषध बंद केलंत की आजार कसा उसळतो!' घर पुन्हा त्याच्या दारात.

म्हणून एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. अशी पुडी महिनाभर पोटात गेली असेल, तर संशय आला तरी ती रागाच्या भरात कचऱ्यात टाकून एकदम बंद करू नका. उरलेल्या पुड्या घेऊन त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जा. ते ओळखीचं, मोजता येणारं औषध देऊन आठवड्या-आठवड्याने मात्रा उतरवतात. तोवर मुलाला गाडी चालवू देऊ नका आणि वर दारू अजिबात नको. गुंगीचं औषध आणि दारू एकत्र आली की श्वास मंदावतो.

आता घर तिथपर्यंत पोचतं कसं, ते पाहू. आजार बहुधा वेगळ्याच वेषात येतो. आपल्याकडे नैराश्य आलेला माणूस 'मला उदास वाटतं' असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, पित्त झालंय, डोकं जड आहे, अंगात त्राण नाही, छातीत धडधडतं. मग पित्ताच्या गोळ्या, सलाईन, ईसीजी. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, आवडीच्या गोष्टीतलं मन उडणं, जेवण तुटणं किंवा भलतंच वाढणं, साध्या निर्णयालाही तासतास लागणं, 'मी सगळ्यांना ओझं आहे' असं बोलणं. यातलं बरंचसं दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ टिकलं तर ते तपासून घ्यायचंच. 'जगून काय करायचंय' असं कोणी म्हणालं, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचं मनात येतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा हलवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मनोविकृतीची सुरुवात आणखी वेगळी. मुलगा टीव्ही बंद करायला लावतो, कारण त्यातले लोक त्याच्याविषयी बोलतायत. आंघोळ सुटते. आईच्या हातचं ताट आधी तिलाच चाखायला लावतो. कोपऱ्यात बसून कोणाशी तरी पुटपुटतो. इथे 'बाहेरचं आहे', 'करणी केलीय' हे शब्द घरात शिरतात. उन्मादाला तर लोक आजार म्हणायलाच तयार नसतात. दोन-तीन तासांची झोप, तरी थकवा नाही, बोलण्याचा सपाटा, एका आठवड्यात तीन धंद्यांच्या योजना, उसनवारी. घरचे म्हणतात, पोरगं कामाला लागलं. कर्जवाले दारात आले की मग उमगतं.

अशा वेळी शेजारच्या मावशी सांगतात, 'अहो, आमच्या दिरांच्या मुलाला तिथंच गुण आला. इंजेक्शन नाही, शॉक नाही, आणि वेड्यांच्या डॉक्टरकडं गेल्याचा बोभाटापण नाही.' मावशींचा हेतू चांगलाच असतो. पण घराला छळणारी सगळी भीती या वाक्यात आहे आणि विकणारा नेमकी तीच विकत असतो. आपलं औषध झटपट लागू पडतं आणि गुपचूप घेता येतं, एवढंच त्याला सांगायचं असतं. शॉकची भीती तर फार जुनी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देण्यावर बंदी घातली आहे. रुग्ण झोपलेला असतो, झटका अंगाला जाणवत नाही. मुळात बहुतेक रुग्णांना या उपचाराची गरजच पडत नाही.

विक्रीची बैठक पाच-सात मिनिटांत उरकते. मनगटावर बोटं, डोळ्यात बॅटरी, मग निदान : 'मेंदूची नस कमजोर', 'गरमी डोक्यात चढलीय'. प्रश्न जवळजवळ नाहीतच. खऱ्या पहिल्या भेटीत निम्मा वेळ प्रश्नांतच जातो : कधीपासून, झोप किती, घराण्यात कोणाला असा त्रास, दारू-गांजा, आधी कधी असाच काळ येऊन गेला का, कधी गरजेपेक्षा जास्त उत्साहाचे दिवस होते का. हा शेवटचा प्रश्न टाळून चालत नाही. दोन ध्रुवांच्या आजारातल्या (बायपोलर : कधी नैराश्य, कधी उन्माद) माणसाला नुसतीच नैराश्याची गोळी दिली तर तो उन्मादात जाऊ शकतो. शिवाय थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर या तपासण्या होतात, कारण थायरॉइड कमी झालेला माणूस हुबेहूब नैराश्यातल्या माणसासारखा दिसतो.

मग कोर्स सांगितला जातो. तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा, पैसे आगाऊ, बिल मागितलं तर 'बिल घेतलंत तर कर लागेल'. आणि शेवटी, उठता उठता, ते वाक्य येतं : 'आधीच्या गोळ्या आजपासून बंद करा, त्या किडनी खराब करतात.'

पैशांच्या लुटीपेक्षा हे वाक्य कितीतरी घातक आहे, म्हणून त्यामागची चाल उलगडून सांगायला हवी. स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकृतीवरच्या गोळ्यांनी काहींना सुस्ती येते, वजन वाढतं, हातपाय ताठरतात. गोळ्या थांबल्या की सुस्ती आणि ताठरपणा ओसरू लागतो. मुलगा ताजातवाना दिसतो, चेहरा हसरा होतो. घरचे म्हणतात, बघा, त्या गोळ्यांनीच वाट लावली होती. पण आजार लगेच उलटत नाही. तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी परततो, आणि तोवर त्या मधल्या बऱ्या काळाचं श्रेय पुडीने घेतलेलं असतं. पुन्हा उसळलेला आजार आवरायला आधीपेक्षा जास्त दिवस लागू शकतात. नैराश्याची गोळी एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात विजेचे झटके बसल्यासारखं वाटतं. आजार परतू नये म्हणून बरं वाटू लागल्यावरही ती निदान सहा-नऊ महिने चालू ठेवतात, आणि हे त्रास होऊ नयेत म्हणून मग हळूहळू उतरवतात. किडनीचं म्हणाल तर उन्माद आवरणाऱ्या लिथियमसारख्या औषधाला किडनी आणि थायरॉइडची तपासणी लागते हे खरंच आहे. पण म्हणूनच खरे डॉक्टर शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेऊन त्यातलं लिथियम मोजतात आणि ठराविक काळाने किडनी तपासतात. पुडीत काय आहे हेच माहीत नसेल तर रक्तात मोजणार काय?

आयुर्वेदाविरुद्ध हे लिहिलेलं नाही. रीतसर आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्यं, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख छापलेली असते. यातलं काही नसलेली डबी कोणत्याच शास्त्राची नाही. मेंदूचे विकार, अपस्मार, वेड अशा आजारांवर हमखास इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. तेव्हा एसटी स्टँडच्या भिंतीवर किंवा मोबाइलवर 'वेडेपणा मुळापासून बरा' दिसलं, की तो गुन्हाच समोर दिसतोय असं समजा.

दुसरी फसवणूक जास्त चकचकीत असते, शहरात आणि मोबाइलवर. व्हिजिटिंग कार्ड जाड, सोनेरी काठाचं, नावाआधी 'डॉ.', नावानंतर सहा-सात अक्षरांचे गट, त्याखाली 'माइंड थेरपिस्ट, एनएलपी मास्टर, हिप्नो कोच'. नोंदणी क्रमांकाची जागा मात्र कोरी. यातल्या कित्येक पदव्या म्हणजे शनिवार-रविवारच्या वर्गांची प्रमाणपत्रं.

आपल्या भाषेतही इथे घोळ आहे, म्हणून कोण काय करतं ते सांगायला हवं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून त्यावर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या तो लिहितो. त्याचं नाव महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत असतं आणि परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येतं. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो, गोळ्या लिहीत नाही. त्याचं शिक्षण बहुधा एम.फिल. किंवा साय.डी. आणि नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे. हा क्रमांक मागायला लाजू नका, खरा माणूस रागावत नाही. समुपदेशकांमध्ये एम.ए. करून चांगलं काम करणारे पुष्कळ आहेत, आणि साध्या ताणतणावात त्यांची मदतही होते. पण आवाज ऐकू येणारा, जिवाचं बरंवाईट बोलणारा किंवा तीन रात्री न झोपलेला माणूस आला की चांगला समुपदेशक स्वतःच त्याला डॉक्टरकडे पाठवतो. न पाठवता 'वीस सत्रांत गोळ्यांशिवाय बरं करतो' म्हणणाऱ्याकडून उठून यायचं.

मोबाइलवरची रीत अशी : नऊ प्रश्नांची मोफत चाचणी, लगेच लाल अक्षरात 'गंभीर नैराश्य', आणि खाली 'आज रात्री बारापर्यंत निम्म्या दरात बारा सत्रं'. ती नऊ प्रश्नांची चाचणी खोटी नाही, डॉक्टरही वापरतात. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर तपासून घ्यावं, इतकाच तिचा अर्थ. तिच्यावरून निदान होत नाही. सत्रांचे पैसे एकेका सत्राचे द्या, बारांचे एकदम नको. आणि पलीकडे बसलेल्याचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक पैसे भरण्याआधी घ्या.

व्यसनमुक्तीच्या नावाखालचे प्रकार मात्र जिवावर बेततात. 'न कळत दारू सोडवा' ही पुडी भाजीत कालवून द्यायची असते. तिच्यात डायसल्फिरम असेल, तर त्यावर दारू प्यायलेल्या माणसाचं तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा रुग्ण असेल तर मृत्यूही येऊ शकतो. औषध थांबवल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. खरे डॉक्टर हे औषध देतात, पण यकृत आणि हृदय तपासून, आणि पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीने. बायकोच्या हातून चोरून दिलेलं औषध तिलाच गुन्ह्यात अडकवू शकतं.

दुसरा प्रकार उचलून नेणाऱ्या केंद्रांचा. घरचे फोन करतात, रात्री जीप येते, चार माणसं त्याला उचलतात. दरवाज्याला बाहेरून कुलूप. 'महिनाभर फोन नाही, भेट नाही, नाहीतर तो रडून परत येईल.' आत डॉक्टर नाही, जुने व्यसनीच बाकीच्यांवर देखरेख ठेवतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, ताप. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. औषधं आणि थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं न देता अशा माणसाला खोलीत कोंडणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ, आणि कोंडलेल्या खोलीत तो ओरडतोय ते नाटक समजून सोडून दिलं जातं.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा इथे स्पष्ट आहे, घरच्यांनी तो तोंडपाठ ठेवावा. मानसिक रुग्णांना, दारू-ड्रग्जमुळे मानसिक त्रास झालेल्यांनाही, दाखल करणाऱ्या जागेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर नुसती बापाची किंवा बायकोची सही पुरत नाही. दोन जणांनी स्वतंत्रपणे त्याला तपासलेलं असावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि असा पहिला प्रवेश जास्तीत जास्त तीस दिवसांचा. साखळी बांधणं बेकायदा. सक्तीने डोकं भादरणं बेकायदा. सक्तीने काम करून घेणं बेकायदा. स्वतःचे कपडे घालायचा, फोन करायचा, भेटणाऱ्याला भेटायचा रुग्णाला हक्क आहे. तेव्हा केंद्र पाहायला गेलात की ऑफिसातल्या सोफ्यावर बसून परत येऊ नका. आत चला म्हणा. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, रात्री डॉक्टर किंवा नर्स कोण, गेल्या आठवड्याच्या नोंदी दाखवा म्हणा. आत नेईनात, तर मुलाला तिथे ठेवू नका.

भगताकडे, दर्ग्यात, देवस्थानात जाणाऱ्यांना तिथे मनाला आधार मिळत असेल तर मिळो. गोळ्या चालू ठेवून नमस्काराला गेलं म्हणून काही बिघडत नाही. पण ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीला झोपडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ रुग्ण जळून मेले, हे विसरता येत नाही. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं, बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद.

फसवले गेलात, तर आधी माणूस सांभाळा, मग पैसा. रुग्ण डॉक्टरच्या हाती गेला की त्याच दिवशी पुरावा जमवायला घ्या : उरलेल्या पुड्या मूळ डबीसकट, कार्ड, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, जाहिरातीचे फोटो. बिल मिळालं नसेल, तर अजूनही मेसेज करून 'तीन महिन्यांच्या कोर्सची रक्कम मिळाली ना?' विचारा, उत्तरात 'हो' आलं तरी कामाला येतं. पावडरीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करा. सगळ्या पुड्या देऊन मोकळे होऊ नका, थोड्या जवळ ठेवा आणि दिलेल्याची पोच घ्या. पदवी नसताना डॉक्टर म्हणवणाऱ्याची लेखी तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, आणि एक प्रत पोलीस ठाण्यात. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन. उशीर झाला तर रक्कम पुढच्या खात्यात सरकते. पैसे घेऊन सेवा न देणाऱ्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५. केंद्रात कोंडलं, मारलं असेल तर पोलीस आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. विकणारे एका गोष्टीवर निर्धास्त असतात : मुलाचं नाव बाहेर येईल या भीतीने घर गप्प बसेल. तसं वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला आधी भेटा. मानसिक आजाराच्या रुग्णाला मानसिक आरोग्यसेवा कायद्यातले हक्क मिळवण्यासाठी मोफत कायदेशीर मदतीचा अधिकार आहे.

आणि जायचं कुठे? रात्री-अपरात्री काहीच सुचत नसेल तर १४४१६, टेलि-मानस. सरकारी सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. प्रत्यक्ष दाखवायला जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग, नाहीतर वैद्यकीय महाविद्यालय. मोठी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, पुण्याचं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, गोव्यात बांबोळीला. मनोरुग्णालय म्हटलं की जन्मभराचं कोंडणं असं डोळ्यांपुढे येतं, पण तिथले कितीतरी रुग्ण सकाळी येऊन दुपारी गोळ्या घेऊन घरी जातात.

पहिल्या दिवशी जाताना उरलेल्या पुड्या वेगळ्या पिशवीत घ्या, जुन्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट घ्या. वहीच्या एका पानावर लिहा : त्रास कोणत्या महिन्यात सुरू झाला, रात्री किती वाजता डोळा लागतो, किती वाजता जाग येते, कोणती पुडी कधी सुरू केली, कधी वाढवली, कधी थांबवली. पुडी दिली होती हे लाजून लपवू नका, पहिली चिठ्ठी त्याच माहितीवर ठरते. बरोबर त्याच्याच घरात राहणारं माणूस असू द्या, गावाहून आलेले काका नकोत. आणि आत गेल्यावर मुलाच्या वतीने तुम्हीच सगळं बोलू नका. थोडा वेळ बाहेर थांबा आणि डॉक्टरांना त्याच्याशी एकट्याशी बोलू द्या.